टोपलीभर माती आणि आपला इतिहास

बदलीच्या गावी बिऱ्हाड लागले की आपल्याकडचा गृहस्थ प्रथम दोन गोष्टींची चौकशी करतो : मुलांना शाळा कोणती, आणि मराठी मंडळी राहतात कोठे. रायपुरात या दोन्ही प्रश्नांची उत्तरे जुन्या शहराच्या एकाच भागात सापडत आली आहेत. तात्यापारा हे नाव ऐकताच त्यातील 'तात्या' आपल्या कानाला ओळखीचा वाटतो. आणि तेथून थोड्याच अंतरावर, बूढा तालाबाच्या काठी, बूढापारा वसलेला आहे.

या तलावाभोवती तीन स्मृती एकीवर एक साचल्या आहेत. १८७७ साली नरेंद्रनाथ दत्त नावाचा बंगाली मुलगा वडिलांच्या कामानिमित्त या वस्तीत राहावयास आला. पुढे तो स्वामी विवेकानंद झाला, आणि तलावास विवेकानंद सरोवर हे नाव मिळाले. दुसरी स्मृती माधवराव सप्रे यांची. हिंदी गद्याच्या घडणीत ज्यांचा वाटा मोठा, ज्यांनी 'दासबोध' आणि 'गीतारहस्य' हिंदीत नेले, त्या मराठी गृहस्थाच्या नावाची शाळा येथे आहे, आणि तिचे मैदान साऱ्या शहराला ठाऊक आहे. तिसरी स्मृती सर्वांत जुनी. तलावाच्या नावातील 'बूढा' म्हणजे गोंडांचा बूढादेव, अशी येथील आदिवासी समाजाची धारणा आहे. पहिल्या दोन स्मृतींना पाटी आहे, पुतळा आहे, जयंती आहे. तिसरी मात्र नावाच्या दोन अक्षरांपुरती उरली, आणि ती अक्षरे उच्चारताना ऐकणाऱ्याच्या मनात बहुधा एखादा वृद्ध मनुष्यच उभा राहतो.

मुलांना इतिहास कसा शिकवावा या प्रश्नाचे मूळ येथेच आहे. छत्तीसगडात २०११ च्या जनगणनेप्रमाणे शंभरांतील तीसहून अधिक माणसे अनुसूचित जमातींची आहेत. ज्या बाकावर आपला मुलगा बसतो त्याच बाकावर गोंड, हलबा, कंवर किंवा बिंझवार मूल बसलेले असणे ही नित्याची गोष्ट होय. या दोन मुलांना एकमेकांच्या पूर्वजांविषयी आपण काय सांगणार? आपल्या मुलाला घरी अटकेपार गेलेल्या झेंड्यांची कथा ऐकावयास मिळते. ते ऐकणे योग्यच आहे. परंतु अटकेची मोहीम ज्या १७५८ साली झाली त्याच सालापासून बिंबाजी भोसले रतनपुरास राहून छत्तीसगडचा कारभार पाहू लागले, ही गोष्ट त्याला कोणी सांगत नाही. अटकेवरचा अंमल काही महिन्यांचा ठरला. येथला अंमल शतकभर टिकला. तरीही आपल्या स्मरणात अटक आहे आणि रतनपूर नाही.

रतनपूरची हकीकत थोडक्यात अशी. १७४१ साली रघूजी भोसल्यांचे सेनापती भास्करराम कोल्हटकर बंगालच्या स्वारीवर जाताना वाटेत रतनपुरावर आले. पुत्रशोकाने खचलेला वृद्ध हैहयवंशी राजा रघुनाथसिंह लढला नाही. किल्ल्यावर तोफा सुटल्या, राणीने पांढरे निशाण फडकविले आणि शहरावर एक लाख रुपयांचा दंड बसला. याच भास्कररामाच्या स्वाऱ्यांची दहशत बंगाली आयांच्या अंगाईगीतात 'बर्गी' या शब्दाने अडीचशे वर्षांहून अधिक काळ जिवंत राहिली आहे. आपण ज्यास दिग्विजय म्हणतो तो दुसऱ्याच्या घरी मुलाला निजविण्यासाठी सांगावयाचे भय असू शकतो, हा इतिहासाचा पहिला धडा होय. आणि तो परप्रांतात वाढणाऱ्या मराठी मुलाला जितका लवकर कळेल तितका बरा.

पुढील काळ एकरंगी नाही. बिंबाजींनी येथे राहून राज्य केले, रतनपूरच्या टेकडीवर राममंदिर बांधले, दप्तरात मराठी भाषा व मोडी लिपी आणली. दसऱ्याला सोने वाटण्याची चाल त्यांच्यापासून या प्रदेशात रूढ झाली असे सांगतात. १७८७ साली ते वारले. त्यानंतर नागपूरकरांनी हा मुलूख सुभेदारांकरवी चालविला. राजा येथे राहिनासा झाला, आणि सुभेदाराचे कर्तव्य वसूल पाठविण्यापुरते उरले. परगणे पाडले गेले, त्यांवर कमाविसदार नेमले गेले. राज्यकर्ता दूर आणि वसूलदार जवळ, अशी स्थिती झाली की प्रजेच्या वाट्यास काय येते हे महसूल खात्यात काम केलेल्या वाचकांस समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

मैदानी भागात ही घडी कशीबशी बसली. डोंगरात आणि अरण्यात ती बसणे कठीण होते. बस्तरवर १७७० च्या सुमारास नीळू पंडिताच्या हाताखाली गेलेली मराठी फौज पराभूत होऊन परतली. जे लढाईने साधले नाही ते राजघराण्याच्या भाऊबंदकीने साधले. गादीच्या भांडणात अजमेरसिंहाच्या बाजूस उभ्या राहिलेल्या हलब्यांचा पाडाव झाला, आणि दर्यावदेवाने मदतीच्या मोबदल्यात ६ एप्रिल १७७८ रोजी कोटपाडच्या तहाने नागपूरचे वर्चस्व मान्य करून 'टाकोळी' म्हणजे वार्षिक खंडणी कबूल केली. कोटपाड आज ओरिसात आहे. या तहावर ज्यांच्या सह्या-शिक्के झाले त्यांत अरण्यात राहणारा एकही माणूस नव्हता. टाकोळीचा भार मात्र अखेर त्याच्याच शेतावर, त्याच्याच महुआ-चिरोंजीवर पडावयाचा होता.

तो भार असह्य झाल्याचा पुरावा परळकोटास मिळतो. अबूझमाडच्या कुशीतील या जमीनदारीत १८२४ च्या अखेरीस गेंदसिंह या आदिवासी जमीनदाराने उठाव केला. धावड्याच्या डहाळ्या गावोगाव फिरल्या; पाने सुकण्यापूर्वी येऊन मिळा, असा त्यांचा अर्थ होता. मराठी अंमलदार आणि इंग्रज दोघांविरुद्ध हा कोप होता. त्या वेळी नागपूरचे तिसरे रघूजी अल्पवयीन असल्याने छत्तीसगडचा कारभार इंग्रज अधीक्षक पाहत असे : नाव भोसल्यांचे, हुकूम साहेबाचा. चांद्याकडून फौज आली. २० जानेवारी १८२५ रोजी गेंदसिंहाला त्याच्याच वाड्यासमोर फाशी देण्यात आले. पुढे १८४२ पासून तारापूर परगण्यात जो दीर्घ असंतोष पेटला, त्याच्याही मुळाशी नागपूरच्या वाढत्या मागणीमुळे चढलेला कर होता.

आता सोनाखानकडे वळू. बिंझवार जमातीचे जमीनदार नारायणसिंह यांचे नाव आज छत्तीसगडातील प्रत्येक मुलाला ठाऊक आहे. १८५६ साली दुष्काळ पडला, लोक उपाशी मरू लागले, आणि कसडोलच्या व्यापाऱ्याच्या कोठारात धान्य पडून होते. नारायणसिंहांनी कोठार फोडून धान्य वाटले. व्यापाऱ्याच्या तक्रारीवरून त्यांना पकडून रायपूरच्या तुरुंगात ठेवले. १८५७ च्या ऑगस्टात ते निसटले, सोनाखानला लढले, पुन्हा पकडले गेले, आणि १० डिसेंबर १८५७ रोजी रायपुरात त्यांना फाशी झाली. जयस्तंभ चौक हीच ती जागा, असे शहर मानते. त्यांचे वडील रामराय यांनी त्यापूर्वी १८१८-१९ च्या सुमारास नागपूरकर व इंग्रज यांच्याविरुद्ध शस्त्र उचलले होते, असे छत्तीसगडचे इतिहासकार नोंदवितात.

शाळेत ही कथा सांगताना एक सोयीची वाट घेतली जाते. नारायणसिंह इंग्रजांशी लढले, इंग्रज गेले, सबब कथा संपली. या मांडणीत आपण सारे आपोआप नारायणसिंहांच्या बाजूचे ठरतो. परंतु कोठार इंग्रजाचे नव्हते. दुष्काळात धान्य दाबून ठेवणारा, कर्जाच्या कागदावर अंगठा घेणारा आणि कचेरीत तक्रार नोंदविणारा माणूस देशीच होता. मुलांनी नारायणसिंहांना वंदन करावे हे उचितच. पण वंदनाबरोबर त्यांना हा प्रश्न पडावयास हवा की, त्या दिवशी कसडोलला आपले पूर्वज असते तर ते कोठाराच्या आत असते की बाहेर?

या प्रश्नाची दुसरी बाजू अधिक अवघड आहे, कारण ती शाळेलाच स्पर्श करते. १९१० च्या फेब्रुवारीत बस्तरमध्ये भूमकाल झाला. अरण्याचा मोठा भाग राखीव करण्याची योजना, वेठबिगार आणि अंमलदारांची जुलूमशाही ही त्याची कारणे. आंब्याच्या डहाळ्या, मिरच्या, मातीचे ढेकूळ आणि बाण ही खूण गावोगाव गेली. २ फेब्रुवारीस पुसपालचा बाजार लुटला गेला. पोलीस चौक्या जळाल्या. आणि त्यांच्याबरोबर शाळाही जळाल्या. नेथानारचा गुंडाधूर या उठावाचा नायक; तो अखेरपर्यंत सरकारच्या हाती लागला नाही. आपल्यासारख्या विद्येस देवता मानणाऱ्या समाजाला शाळा जाळण्याची कल्पनाच सहन होत नाही. तथापि शाळा ज्या हातांनी आली ते हात वेठ घेणारेही होते, तेथे शिकविली जाणारी भाषा मुलाच्या घरची नव्हती, आणि मूल शाळेत पाठविण्याची सक्ती हीदेखील लोकांना आणखी एक वसुलीच वाटत होती, हे जाणले की त्या आगीचा अर्थ थोडाफार उमगतो. ती आग ज्ञानाविरुद्ध नव्हती.

शाळेने केलेल्या अशा हानीचा जाहीर विचार जगात अलीकडे होऊ लागला आहे. कॅनडात शतकाहून अधिक काळ सुमारे दीड लाख आदिवासी मुलांना घरातून उचलून निवासी शाळांत ठेवण्यात आले; त्यांची भाषा बोलण्यास बंदी होती, आणि हजारो मुले घरी परतलीच नाहीत. जून २००८ मध्ये तेथील पंतप्रधानांनी संसदेत क्षमा मागितली. त्याच वर्षी स्थापन झालेल्या 'सत्य आणि समेट आयोगा'ने २०१५ साली ९४ शिफारशी केल्या. निवासी शाळा, करार आणि आदिवासींचे देशाच्या घडणीतील स्थान हे विषय बालवर्गापासून बारावीपर्यंत सर्व मुलांना शिकवावेत, आणि तो अभ्यासक्रम त्या शाळांतून वाचलेल्या लोकांशी विचारविनिमय करून तयार करावा, ही त्यांतील एक प्रमुख शिफारस. ऑस्ट्रेलियाच्या पंतप्रधानांनीही फेब्रुवारी २००८ मध्ये, आईबापांपासून तोडलेल्या आदिवासी पिढ्यांची संसदेत क्षमा मागितली. आयोगाच्या नावातील शब्दांचा क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. आधी सत्य, मग समेट. आपल्या ग्रामपंचायतीतदेखील कोणी 'झाले गेले विसरा' म्हणून हात मिळवावयास सांगितला तर समजूतदार पंच विचारतो, 'पण झाले काय ते आधी सांगा.'

हिंदुस्थानची स्थिती कॅनडासारखी नाही, हे खरे. येथे समुद्रापलीकडून येऊन कोणी वसाहत करून राहिले आणि मूळच्या रहिवाशांस बाजूस सारले, असा सरळ हिशेब मांडता येत नाही. गोंडांची स्वतःची राज्ये होती; नागपूर शहर गोंड राजा बख्त बुलंद याने वसविले, आणि भोसले तेथे त्याच्या वंशजांच्या घरच्या तंट्यात मध्यस्थ म्हणून शिरले. देवाणघेवाणही पुष्कळ झाली. बस्तरची हलबी भाषा याची साक्ष आहे. ग्रिअर्सनने भाषांच्या पाहणीत तिला मराठीच्या खंडात स्थान दिले होते; तिच्यात षष्ठीचा प्रत्यय 'चो' असा येतो, आणि तो ऐकताना मराठी माणूस क्षणभर थबकतो. पुढील अभ्यासकांनी हलबीचे नाते छत्तीसगडी आणि उडिया यांच्याशीही जोडले. ती कोणाच्या मालकीची नाही, हाच तिचा गुण.

परंतु परिस्थिती निराळी म्हणून ऋण नाही असे होत नाही. या देशाच्या संसदेने स्वतःच ते मान्य केले आहे. २००६ च्या वनहक्क अधिनियमाच्या उद्देशिकेत स्पष्ट म्हटले आहे की, इंग्रजी राजवटीत आणि स्वतंत्र भारतातही, वनांची निश्चिती करताना वननिवासी जमातींचे पिढीजात हक्क पुरेसे मान्य झाले नाहीत, आणि त्यांच्यावर ऐतिहासिक अन्याय झाला. 'स्वतंत्र भारतातही' ही कबुली महत्त्वाची आहे. ज्या परळकोटात गेंदसिंह फासावर गेला त्याच परळकोटात १९५८ नंतर दंडकारण्य योजनेखाली पूर्व बंगालचे निर्वासित वसविण्यात आले. एका उखडलेल्या समाजाला दुसऱ्याच्या अरण्यात रोवण्याचा तो प्रयत्न होता. त्यात दुष्ट हेतू कोणाचाच नसेल, पण तेथे आधीपासून राहणाऱ्याचे मत विचारण्याची रीत तेव्हाही नव्हती.

मग मुलांना हे शिकवावे कसे? पहिली शंका अशी निघते की, अशाने कोवळ्या मनात अपराधाची भावना रुजेल, आणि वर्गात मराठी मूल व गोंड मूल एकमेकांकडे फिर्यादी-आरोपी म्हणून पाहू लागतील. ही शंका टाकाऊ नाही. आठव्या इयत्तेतील मुलाने कोटपाडचा तह केलेला नाही. त्याच्यावर पाप लादावयाचे नाही. त्याला वारसा समजावून द्यावयाचा आहे. वारशात घर येते तसे घरावरचे कर्जही येते, आणि कर्ज कळलेला वारस कर्ज न कळलेल्यापेक्षा अधिक शहाणपणाने वागतो. दुसरा धोका उलट बाजूचा : आदिवासी मुलाला आपले पूर्वज केवळ फासावर चढलेले दिसावेत. म्हणून धड्यात गेंदसिंहाबरोबर हलबी भाषा यावी, अरण्याचे ज्ञान यावे, आणि आज डॉक्टर, शिक्षक, अधिकारी असलेली त्याच्या समाजाची माणसेही यावीत. २०२१ पासून १५ नोव्हेंबर हा जनजातीय गौरव दिवस म्हणून पाळला जातो. त्या दिवशी नृत्याच्या पोशाखातील मुलांची छायाचित्रे घेऊन थांबले तर गौरव होतो, परिचय होत नाही.

वरच्या इयत्तांत कागद वाचावयास शिकवावे. या प्रदेशाचा लिखित इतिहास मोडी दप्तरांत आणि इंग्रजी अहवालांत आहे. अधीक्षक ॲग्न्यू याने १८२० साली लिहिलेला छत्तीसगडच्या सुभ्याचा अहवाल त्यांतील प्रसिद्ध. हा कागद कोणी लिहिला, कोणासाठी लिहिला, आणि ज्याच्याविषयी लिहिला त्याला लिहिता येत होते काय, हे तीन प्रश्न मुलाने प्रत्येक कागदाला विचारावेत. ज्यांचे दप्तर नाही त्यांचा इतिहास गाण्यांत, गोत्रांत, देवांच्या नावांत असतो. तो त्यांच्याच वडीलधाऱ्यांना वर्गात बोलावून ऐकावा लागतो. बूढा तालाबाच्या नावाविषयी गोंड समाज काय सांगतो हे त्याच तलावाच्या काठी बसून मुलांनी ऐकावे, याहून सोपा पाठ कोणता?

आणि लहान मुलांसाठी तर धडा याच गावच्या माणसाने लिहून ठेवला आहे. माधवराव सप्रे १९०० साली पेंड्रा या आदिवासी मुलखातील गावाहून 'छत्तीसगढ मित्र' काढू लागले. रामराव चिंचोलकर आणि वामन बळीराम लाखे हे त्यांचे सहकारी. १९०१ च्या त्या मासिकात सप्र्यांची 'एक टोकरी भर मिट्टी' ही छोटी कथा आली. हिंदीतील पहिल्या कथांत तिची गणना होते. एका जमीनदाराला वाड्याचे आवार वाढवावयाचे असते, आणि शेजारी विधवेची झोपडी असते. तो वकिलांकरवी कायद्याने झोपडी मिळवितो. विधवा येऊन फक्त टोपलीभर माती मागते. त्या मातीची चूल मांडली तर रुसलेली नात जेवेल, अशी तिला आशा असते. टोपली उचलू लागावी म्हणून ती जमीनदारालाच हात लावावयास सांगते. त्याला ती उचलत नाही. या एका टोपलीचा भार झेपत नाही, तर झोपडीतील हजारो टोपल्यांचा भार जन्मभर कसा झेपेल, असे ती विचारते. जमीनदाराचे डोळे उघडतात; तो क्षमा मागतो आणि झोपडी परत करतो.

या कथेत आयोगाच्या अहवालातील सारे काही आहे. अन्याय कायद्याने झाला होता, म्हणजे कागद निर्दोष होता. सत्य सांगितले ते पीडित बाईने. क्षमा मागितली ती अन्याय करणाऱ्याने. आणि क्षमेबरोबर झोपडी परत मिळाली. नुसत्या क्षमेवर कथा संपली असती तर ती लबाडीची कथा झाली असती. तिचे कर्तृत्व मराठी माणसाचे, भाषा हिंदी, आणि माती छत्तीसगडची. परप्रांती राहिलेल्या मराठी माणसाने त्या प्रांताला काय द्यावे, याचे उत्तरही तिच्यात आहे.

आपल्या वाचकांपैकी अनेकांच्या मेजावर जमिनीचे, वनाचे, खाणीचे, पुनर्वसनाचे कागद रोज येतात. वनहक्काचा एखादा दावा 'पुरावा अपुरा' असा शेरा मारून परत पाठविणे ही एका ओळीची गोष्ट असते, आणि नियमाने ती बिनचूकही असू शकते. तो शेरा लिहिणारा हात उद्या आपल्या मुलाचा असेल, तसा त्याच्या शेजारी बसलेल्या गोंड मुलाचाही असू शकेल. त्या हाताला लेखणी उचलण्यापूर्वी टोपलीचे वजन ठाऊक असावे, एवढ्यासाठी रतनपूर, कोटपाड, परळकोट आणि सोनाखान ही नावे मुलांना शिकवावयाची. अटकेच्या शेजारी त्यांना नकाशावर जागा दिल्याने मराठ्यांचा इतिहास उणा होत नाही; तो खरा होतो.